दर्यातले खोत

‘प्रवेश बंद’ ही पाटी आपल्याला कुणी वाचून दाखवायला नको, दोस्तांनो. आपल्या बापजाद्यांना अक्षर कळत नव्हतं तेव्हासुद्धा त्या पाटीचा अर्थ त्यांना पाठ होता. विहीर बंद, देऊळ बंद, शाळेची पायरी बंद. म्हणून मागच्या बैठकीत मच्छीमारांच्या मागणीवर बोलणं निघालं तेव्हा आपलाच एक दोस्त उसळला. मागणी साधी होती. किनाऱ्यालगतचं पाणी मोठ्या यांत्रिक बोटींना बंद करा, तिथं कुणी यावं कुणी येऊ नये यावर पहारा बसवा. दोस्त म्हणाला, आपण महाडच्या तळ्याची लेकरं, आपण कुणाला पाणी बंद करा म्हणून सांगायचं? पाणी सगळ्यांचं. विषय संपला.

विषय संपला नाही. त्या रात्री मी घरी जाऊन झोपलो नाही, हे संपादकीय लिहायला बसलो. कारण त्याचा राग खरा आहे आणि त्याचं उत्तर चुकलेलं आहे, असं मला वाटतं. आपल्यासारख्यांनी हा प्रश्न नीट सोडवला नाही तर उद्या प्रत्येक दरोडेखोर ‘सगळ्यांना मोकळीक’ म्हणत आपल्याच घोषणेच्या आडून घुसेल.

आधी महाडचंच बघू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली पास झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाणी उघडं. प्रत्यक्षात त्या पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्याच दिवशी डोकी फुटली, नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल हातात पडायला १९३७ साल आलं. कागद उघडा, पाणी बंद.

आता तोंड जरा समुद्राकडे करा. तिथं नेमकं उलटं चाललंय. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे पाणी मासेमारीपुरतं राज्य सरकारच्या अखत्यारीत. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचं. महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ साली केला. त्या कायद्याखाली ट्रॉलरना ठरावीक ठिकाणी पाच वाव, दहा वाव खोलीच्या आत जाळं ओढायला बंदी आली. रात्रीच्या ट्रॉलिंगला बंदी आली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश निघाला. पर्ससीनवाल्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने मासेमारी करायची, आणि त्यांचे ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. एलईडी दिवे लावून मासे ओढायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली राज्याने दंड वाढवला. एलईडीवाल्याला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत.

झालं? कायदा आहे, आदेश आहे, बंदी आहे, दंड आहे. आणि मालवणच्या किनाऱ्यावर अंधार पडला की उभं राहून बघा. समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. कागद बंद, पाणी उघडं. महाडला कागद आपल्या बाजूने होता आणि पाणी सवर्णाच्या. इथं कागद होडीवाल्याच्या बाजूने आहे आणि पाणी बोटवाल्याच्या. दोन्हीकडे कागदाने काम केलं नाही ते एकाच कारणाने. ज्याच्या हातात काठी, सरकार त्याच्या ओट्यावर पान खात बसलेलं.

शहरातल्या आपल्या पोरांना बोट आणि होडी यातला फरक ठाऊक नसतो, म्हणून थोडं सांगतो. भाऊच्या धक्क्यावर खलाशांबरोबर चहा पिता पिता जे समजलं ते असं.

पर्ससीन म्हणजे बटव्याचं जाळं. आजीच्या कमरेचा बटवा आठवा. नाडी ओढली की तोंड बंद. तसंच. यंत्राच्या पडद्यावर बोटीला माशांचा थवा दिसतो. थव्याभोवती बोट गोल फिरते, जाळं भिंतीसारखं खाली सोडते, मग खालच्या कड्यांमधून ओवलेली दोरी यंत्राने खेचली की तळ आवळतो. आत तारली असेल, बांगडा असेल, त्यांची पोरंबाळं असतील, सगळा थवा बटव्यात. एलईडीवाला आणखी पुढचा. तो माशांना शोधत नाही. जनरेटर लावून पाण्यावर दिवस पाडतो आणि मासे आपणहून त्याच्या दारात येतात. ट्रॉलर तळ खरवडतो, जे लागेल ते उचलतो, आणि बाजारात न चालणारं बारीक पिल्लू खाद्याच्या कारखान्याकडे जातं. कोंबडीला, कोळंबीला.

दुसरीकडे रापण. मालवणात रापण म्हणतात, गोव्यात रांपण. होडी जाळं घेऊन अर्धा गोल मारून येते, आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढतात. म्हातारे असतात, पोरं असतात. मासा किनाऱ्याला आला तर रापणीला मिळणार. रापण त्याच्या मागे जाऊ शकत नाही. उत्तरेला, वसई-डहाणूच्या बाजूला डोल. समुद्रात खुंट रोवून बांधलेली पिशवी, भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा आत येतो. तीही जागेवरच. म्हणजे बघा, एकाचं जाळं वाट बघतं आणि दुसऱ्याचं जाळं वाटेतच लुटतं. दोघांना ‘एकाच पाण्यात समान हक्क’ म्हणायचं, तर मग मुंबई-पुणे रस्त्यावर पायी चालणाऱ्याला आणि ट्रकलाही समान हक्क आहे. कोण चिरडला जाणार ते मात्र विचारू नका.

म्हणून मी म्हणतो, हे दर्यातले खोत. रत्नागिरीकडच्या आपल्या माणसांना खोत म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्यातले निम्मे गिरणीत आणि गोदीत आले ते खोताच्या जाचातूनच सुटून. खोत मूळचा जमिनीचा मालक नव्हता. सरकारचा सारा गोळा करून देणारा मधला माणूस. पण सरकार लांब, खोत दारात. मधल्यामधे तो मालक झाला, कुळाकडून वेठ घेऊ लागला, पिकाचा हिस्सा स्वतःच ठरवू लागला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं बिल असेंब्लीत मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने उतरले. समुद्रातही तीच तऱ्हा. समुद्राला मालक नाही. परवाना म्हणजे नुसती मासे धरायची परवानगी. पण ज्याचं इंजिन मोठं, ज्याच्या मागे निर्यात करणाऱ्याची उचल, ज्याची ऊठबस आमदाराकडे, त्याची परवानगी हळूहळू मालकी होते. लहान होडीवाला मग त्याच्या उरल्यासुरल्यावर जगतो. नाहीतर होडी विकून त्याच्याच बोटीवर खलाशी होतो. कुळ आणि खोत. दुसरं काय?

आणि हे खोत आकाशातून पडले नाहीत. सरकारनेच घातले जन्माला. केरळात नीण्डकरेला १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने मासेमारीचं ‘आधुनिकीकरण’ सुरू झालं. लहान मच्छीमाराला वर काढायचं म्हणून. पुढे परदेशात कोळंबीला डॉलर मिळतात हे कळलं आणि पैसेवाले ट्रॉलर घेऊन उतरले. गोव्यात ट्रॉलरांनी रांपणकारांचं किनाऱ्यालगतचं पाणी नांगरून काढलं. पण रांपणकार गप्प बसले नाहीत. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या पुढारपणाखाली ते रस्त्यावर आले, १९७८ साली देशभरच्या मच्छीमारांची संघटना उभी राहिली, आणि १९८० ला केरळने आणि गोव्याने किनाऱ्याचं पाणी राखण्याचे कायदे केले. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा त्याच लाटेतला. केरळच्या मच्छीमारांनी उपोषणं केली, मार खाल्ला, तेव्हा कुठे १९८८ साली पावसाळ्यातली ट्रॉलबंदी पदरात पडली. आज आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती कुणा साहेबाच्या डोक्यातून निघाली असं समजू नका. कोळ्याची होडी पावसाळ्यात पूर्वीही वर ओढलेलीच असायची. नारळी पुनवेच्या नारळाचं मला कौतुक नाही, समुद्राला नारळ लागत नाही. पण त्या नारळामागचा हिशेब बरोबर आहे. विणीच्या दिवसांत हात आखडता घ्यायचा.

कुणी म्हणेल, हे होणारं नाही, मोठ्या भांडवलाला कोण अडवणार. इंडोनेशियात १९८० साली अडवलं. जावा-सुमात्राच्या पाण्यात लहान मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यात जाळपोळीपर्यंत गेलं, तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षाने ट्रॉलरच बंद करून टाकले. तो काही गरिबांचा कैवारी नव्हता, लष्करी हुकूमशहा होता. दंगल परवडत नव्हती म्हणून केलं. दंगल नको असणं हेही सरकारला पुरेसं कारण होतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता माझ्या दोस्ताच्या मुद्द्यावर येतो. दार उघडं असणं चांगलं की बंद असणं? याचं उत्तर मला समुद्राने दिलं नाही, गोदीने दिलं.

एक काळ असा होता की गोदीच्या गेटावर सकाळी माणसांचा बाजार भरायचा. गेट सगळ्यांना खुलं. कुणीही यावं. मग टोळीवाला यायचा आणि बोट दाखवायचा. तू चल, तू चल, तू हट. ज्याने काल हप्ता दिला तो आज आत. बाकीचे उपाशी घरी. गोदी कामगार झगडले आणि १९४८ साली कायदा झाला, मुंबईत १९५१ ला योजना आली. कामगारांची नोंद झाली. ज्याचं नाव नोंदीत त्यालाच काम, पाळीपाळीने, आणि काम नसलं तरी हजेरीचे पैसे. म्हणजे काय झालं? प्रवेशावर बंधन आलं. पण त्या बंधनाने टोळीवाल्याचं बोट मोडलं. पुढे १९९७ ला नवा कायदा करून मोठ्या बंदरांतून ती व्यवस्था काढता येण्याची वाट केली. आज मी ठेकेदाराच्या माणसांत काम करतो. माझं नाव कुठल्याही नोंदीत नाही. ठेकेदार म्हणतो, गेट सगळ्यांना खुलं आहे, नको असेल तर जा, बाहेर दहा उभे आहेत.

तर दोस्ता, ‘सगळ्यांना खुलं’ हे वाक्य कोण बोलतोय ते आधी बघत जा. महाडला ते आपण बोललो, कारण आपल्याला बाहेर ठेवलं होतं. गोदीत ते ठेकेदार बोलतो, कारण त्याला आपल्यातला प्रत्येकजण सुटा पाहिजे. समुद्रात ते पर्ससीनवाला बोलतो. वाक्य एकच, तोंडं तीन. चवदार तळ्यावर बंदी होती जन्मावरून. किनाऱ्याच्या पाण्यात मागतोय ती बंदी यंत्रावर, जाळ्याच्या आकारावर, इंजिनाच्या ताकदीवर. पर्ससीनवाल्याने बटवा घरी ठेवून होडी घेऊन यावं, त्याला कोण अडवतंय? महाडच्या माणसाला मात्र जात घरी ठेवून तळ्यावर जाता येत नव्हतं. हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्याशी मी जास्त वाद घालणार नाही.

सरकार म्हणतं, समुद्र केवढा मोठा, पहारा कसा ठेवणार? गस्तीला माणसं नाहीत, नौका भाड्याने घ्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन आणले, नऊ ठिकाणांहून उडवणार म्हणून पेपरात फोटो आले. ड्रोन आले ते बरं झालं. पण ड्रोन फोटो काढतो, दंड वसूल करत नाही. १९८१ च्या कायद्यात दंड मासळीच्या किमतीवर ठरायचा आणि प्रकरण तहसीलदाराकडे जायचं. त्याच्या टेबलावर सातबारा, दाखले, निवडणूक, त्यात मासळीची फाईल कुठे वर येणार? २०२१ ला ते अधिकार मत्स्य खात्याकडे आले. आता तरी किती दंड ठोठावला, किती वसूल झाला, कितीजणांचा परवाना गेला, याची यादी प्रत्येक बंदरावर फळ्यावर लावा ना. रेशनच्या दुकानात साखरेचा भाव लावता तशी.

आणि पहारा ठेवता येत नाही हे खोटं आहे. साफ खोटं. मुंबईच्या समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ, आत होडी गेली तर धरतात. तेवढं पाणी बरोबर राखता येतं. शेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं, तिथल्या कोळ्यांचं पाणी गेलं, खाडी गेली. २०१५ साली हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींची भरपाई द्या म्हणून सांगितलं. बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटल्यावर. वाढवणला ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प, जवळजवळ १,४४८ हेक्टर भराव. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला. मी गोदीतला माणूस, बंदराचा मला जन्मजात दुस्वास नाही, बंदराने माझ्या घरात चूल पेटते. पण नव्या बंदरात यंत्रं किती आणि हात किती, हे गोदीवाल्याला कळतं. पाणी कोळ्याचं जाणार आणि नोकरी आपल्याला मिळणार, असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्याला आकडा लिहून मागा. वरळीचंच बघा. कोस्टल रोडच्या दोन खांबांमधून होड्या न्यायच्या तर अंतर वाढवा म्हणून कोळीवाड्याने काम अडवलं. ६० मीटरचे १२० मीटर करून घ्यायला त्यांना डिसेंबर २०२२ पर्यंत भांडावं लागलं. आपल्याच दारातून बाहेर पडायला.

म्हणजे सरकारला पाण्यावर रेघ मारता येते. तेलासाठी येते, बंदरासाठी येते. होडीसाठी मारलेली रेघ तेवढी पुसट होते.

अभयारण्याचंही तसंच. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर केलं, एकोणतीस चौरस किलोमीटर, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं जाळं टाकणाऱ्याला एका कागदाने परका केलं. मासा वाचवायचा म्हणून मच्छीमार हाकलायचा, हा पहारा आपल्याला नको. तो महाडच्याच जातीचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ मैलांच्या बाहेरच्या पाण्यासाठी नवे नियम काढले. मोठ्या बोटींना प्रवेशाचा पास, लहान होड्यांना सूट, सहकारी संस्थांना प्राधान्य, एलईडीला बंदी. वाचायला बरं वाटतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना १२ मैलांच्या बाहेर आठवड्यातून दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अशी अंतरिम मुभा दिली होती. पण बाहेर जाणारी बोट आतूनच जाते आणि आतूनच येते, च्यायला. जाळं बाराव्या मैलावर टाकलं की आठव्या, हे कोण सांगणार? बोटीवरचं यंत्र चालू आहे की बंद केलंय, कुणाच्या देखत मासळी उतरली, याचा जाब बंदरावर विचारला गेला पाहिजे. आणि विचारणारा त्या बंदरावरचा माणूस पाहिजे, मुंबईच्या ऑफिसातला नको.

आता एक अवघड गोष्ट. ती न बोलता हे संपादकीय पुढे गेलं तर आपण आपल्याशीच खोटं बोललो असं होईल.

कोळी काय आपले सोयरे आहेत? माझी आजी सांगायची, गावात मासळी घ्यायला गेलं की कोळीण मासे वरून टाकायची, पदर लागू नये म्हणून. पैसे खाली ठेवायचे, ती त्यावर पाणी शिंपडून उचलायची. ते आजीच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही आणि मीही तिला विसर म्हणून सांगितलं नाही. मग आज आपण त्यांच्या पाण्यासाठी का भांडायचं?

पँथरचा १९७३ चा जाहीरनामा काढून बघा. त्यात दलित म्हणजे कोण? अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकीय, आर्थिक, धार्मिक पिळवणूक होणारा प्रत्येकजण. ती व्याख्या आपण गाणं म्हणून तोंडपाठ केली की राजकारण म्हणून? कोळी, मांगेला, वैती, गाबीत, खारवी, दालदी मुसलमान, ख्रिस्ती कोळी, ही सगळी माणसं त्या व्याख्येत येतात. आणि आपण आमंत्रणाशिवाय जातोय तर आपला जुना हिशेब घेऊनच जाऊ. होडी वाचवायला खांद्याला खांदा लावू, आणि मासळी वरून टाकली तर त्याच ठिकाणी विचारू. दोन्ही एकदम होतं. बाबासाहेबांच्या खोतीविरुद्धच्या लढ्यात कुणबी आणि महार एकत्र आले ते काय कुणब्याने अस्पृश्यता सोडली म्हणून?

शिवाय आपल्या ताटाचा प्रश्न आहे. झोपडपट्टीत पापलेट कुणी बघितलंय? राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, आपण त्याला पेपरात बघितलं. आपलं खाणं सुकट, जवळा, सुका बोंबील. पगाराच्या आदल्या आठवड्यात एवढ्याशा सुकटीवर सात माणसं भाकरी ओढतात. तो बोंबील डोलीतून येतो, वसई-अर्नाळ्याच्या बांबूच्या वलांडीवर सुकतो. त्या पाण्यातला बारीक मासा कोंबडीच्या खाद्यात गेला की आपल्या तव्यावरचा वास जातो. याला पुस्तकात पोषण म्हणतात.

हल्ली कोकणात काही पुढारी पर्ससीनवाल्याचा धर्म विचारत फिरतात. लहान होडीवाल्याचा राग घ्यायचा आणि तो मशिदीकडे वळवायचा. सोपं काम. पण जाळ्याला सुंता नसते आणि जानवंही नसतं. लहान मच्छीमारांत दालदी आहेत, मोठ्या बोटींचे मालक सगळ्या धर्मांत आहेत, आणि खुद्द कोळीवाड्यातही आहेत. डोलीच्या कवीच्या जागांवरून उत्तर किनाऱ्यावर मच्छीमारांचे आपापसात तंटे आहेत ते आजचे नाहीत. कोळीवाडा म्हणजे देवमाणसांची वस्ती, असा भाबडेपणा आपल्याला परवडणार नाही. पण भांडण यंत्राचं आणि पैशाचं आहे, तिथंच ते ठेवलं पाहिजे.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं हे. पाण्याची नोंद आज बोटीच्या नावाने आहे. परवाना मालकाला, डिझेलचा परतावा मालकाला, नुकसानभरपाई मालकाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. पण शेतीत दर्जा ज्याच्या नावावर सातबारा त्याला, शेतमजुराला नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळची पोरं खलाशी आहेत. समुद्र बघितला नव्हता अशा डोंगरातून आलेली. बोट पकडली गेली तर मालक दंडाचं बघून घेतो, पोरगा कोठडीत बसतो. बोट बुडाली तर त्याच्या घरी कोण कळवतो? आणि पहाटे धक्क्यावर लिलावात उभी राहणारी, टोपली डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणारी बाई कुठल्या नोंदीत आहे? किनाऱ्याचं पाणी राखलं तर मासळी आधी तिच्या टोपलीत येते. पर्ससीनची मासळी बर्फाच्या ट्रकातून थेट कंपनीत जाते, तिच्या हाताला लागतच नाही. तरी पाणी कसं राखायचं हे ठरवणाऱ्या समितीत ती कधी बसत नाही.

तेव्हा आपण मच्छीमारांच्या मोर्चात जाणार ते नुसती ‘पर्ससीन हटाव’ ची पाटी घेऊन नाही. १२ मैलांची नोंद करा, पण माणसांची करा. होडीवाला, खलाशी, रापणीची दोरी ओढणारा, मासे विकणारी, सुकवणारी. ज्याची नोंद त्याला त्या बंदराच्या समितीत मत. समितीला जाळं मोजायचा, मासळी उतरताना बघायचा, परवाना थांबवायचा अधिकार. परवाने १८२ वर आणायचे ठरले होते त्याचं काय झालं, ते आधी सांगा. खलाशाचा करार लिहून घ्या, मजुरी बँकेत टाका, बोट पकडली तर जबाबदारी मालकाची. सरकारी अधिकारी समितीत असावा, पण खुर्चीचा मान घेऊन नको, हिशेब द्यायला असावा.

कोळी संघटनांचे पुढारी यातल्या अर्ध्या गोष्टींना नाक मुरडतील. खलाशाला मत म्हटलं की त्यांच्याही कपाळाला आठी पडते, मी बघितलंय. पडू दे.

या रविवारी पहाटे चारला ज्याला जमेल त्याने ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर यावं. पाच-सहाजणांचे गट करू. नाटकं करायची नाहीत, भाषण नाही, फोटो नाहीत. खलाशाला एवढंच विचारायचं. गाव कुठलं, बोटीवर किती दिवस, वाटा किती ठरला होता आणि हातात किती आला, जाळं किती वाव पाण्यात टाकलं. बायकांना विचारायचं, लिलावात मालाला हात लागतो का आणि भाव कोण ठरवतं. नावं लिहायची नाहीत, त्यांच्या पोटावर पाय यायला नको. उत्तरं साध्या कागदावर, वाचता येईल अशा अक्षरात लिहून अंक छापायच्या आधी माझ्याकडे आणून द्या. पुढच्या अंकाची मधली पानं मी त्यासाठी रिकामी ठेवली आहेत. कविता या खेपेला दोनच घेणार.